पणजीच्या नावाचं पाणी

देऊळगाव राजात मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं आणि दर भाद्रपदात वडिलांमागे तर्पणही केलं. गावातल्या काहींना हे विसंगत वाटतं. मला वाटत नाही. मी कुणाकुणामुळे आहे, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

तर्पणात नावांची रांग ठरलेली असते. वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, वडिलांची आई, आजोबांची आई. मग आईचे वडील आणि त्यांचे वाडवडील. त्यानंतर आईची आई येते, पण पुढचं पाणी तिच्या आईला नाही, तिच्या सासूला आणि आजेसासूला. आईच्या आईची आई, म्हणजे माझी पणजी, या रांगेत कुठेच नाही.

पेशीच्या पुस्तकात मात्र नेमकी हीच, आईच्या आईकडे जाणारी रांग अखंड आहे. आपल्या पेशीत केंद्रक आहे, प्रथिनं घडवणारे रायबोझोम आहेत, टाकाऊ पचवणाऱ्या लयकारिका आहेत. आणि तंतुकणिका आहेत, ज्यांना आता मुलं मायटोकॉन्ड्रियाच म्हणतात. अन्नातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरून ठेवणं हे त्यांचं काम. माणसाचं शरीर दिवसभरात सुमारे स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतं आणि खर्चून टाकतं. तंतुकणिकेला स्वतःचा गोल डीएनए असतो, त्यात ३७ जनुकं. ती पेशीत स्वतः दुभंगून वाढते, जिवाणूसारखी. कारण मुळात ती जिवाणूच होती. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पेशीत शिरली आणि तिथेच नांदली. लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली हे मांडलं, तेव्हा फार थोड्यांना पटलं होतं.

ही तंतुकणिका आपल्याला आईकडूनच मिळते. शुक्रपेशीतल्या थोड्याशा तंतुकणिका बीजांडात शिरल्या, तरी तिथे त्या हेरून नष्ट केल्या जातात.

आमच्या गावच्या बालाजीच्या देवळाशी सिंदखेडच्या जाधवांचं घराणं जोडलेलं आहे, म्हणून वर्गात मी उदाहरण जवळचंच घ्यायचो. १५९८ साली सिंदखेडला जन्मलेल्या जिजाऊंच्या पेशींतल्या तंतुकणिका लखुजीरावांच्या नव्हत्या, म्हाळसाबाईंच्या होत्या. त्याच शिवरायांत आल्या आणि शिवरायांपाशी थांबल्या. संभाजीराजांना मिळाल्या त्या सईबाईंच्या, आणि त्याही फलटणच्या निंबाळकरांच्या नव्हेत, सईबाईंच्या आईकडून आलेल्या. वंशावळीच्या झाडावर ही वाट कुणी काढत नाही. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “सर, मग गोत्र आईचं का नाही लावत?”

तेव्हा तास संपला होता. उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली.

हल्ली मोबाइलवर एक मजकूर फिरतो की गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र, आपल्या ऋषींना ते आधीच ठाऊक होतं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, हे खरं. पण त्या जोरावर गोत्र सिद्ध होत असेल, तर त्याच न्यायाने तंतुकणिका आईचं गोत्र सिद्ध करतील. दोन्ही दावे पोकळ आहेत. आपली वीसेक हजार जनुकं केंद्रकात असतात आणि ती आई-बाप दोघांकडून येतात. तंतुकणिकेला लागणारी बहुतेक प्रथिनंसुद्धा केंद्रकातल्याच जनुकांवरून बनतात. दहा-बारा पिढ्या मागे गेलं, तर काही पूर्वजांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. मग त्यांना पाणी द्यायचं नाही का?

धर्मशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे, आपण तिकडे पाहत नाही एवढंच. दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं आणि त्याने दिलेलं पाणी दत्तक बापाला पोचतं, असं शास्त्र मानतं. सून आली की तिचंही गोत्र बदलतं. दोघांच्याही पेशीत त्या दिवशी काहीच बदललेलं नसतं. म्हणजे पितर रक्ताने ठरत नाहीत, ऋणाने ठरतात. पेशीकडे धर्माने पुरावा मागू नये. पण आपण कुणाला विसरलो, हे पेशी दाखवत असेल, तर ते पाहायला काय हरकत आहे?

तर्पण सांगणाऱ्या गुरुजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “सर, शेवटच्या पाण्यात ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळे येतात. तुमची पणजीही आलीच की त्यात.” आली, आणि हे त्यांना वाटतं त्याहून खरं आहे. तर्पणाला बोटात घालतो त्या दर्भातल्या तंतुकणिकाही त्याच जुन्या जिवाणूच्या वंशातल्या. पण जिचं नाव घेता येतं, तिला गवताच्या घोळक्यात का ढकलायचं?

तिचं माहेरचं नाव घरात कुणाला आठवत नाही. लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं तिथेच संपलं. सासरचं तेवढं ठाऊक आहे. त्याच नावाने मी आता आजीनंतर एक ओंजळ सोडतो. शास्त्रात तिला जागा नाही असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने आधी दत्तकाला जागा कशी झाली ते सांगावं.