अकरा रुपये बाकी

आमच्या जुन्नरच्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत. त्यांच्या पोटात पूर्वी नुसती फडताळे होती. १९७२ साली वडिलांनी त्यांना दारे लावून घेतली. ऐन दुष्काळात माणसे धान्य शोधत असताना आमच्या तीर्थरूपांना कपाटे का सुचावीत, हे मला कोडेच होते. सुताराच्या घरात चूल पेटत नव्हती म्हणून, असे आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले.

२०२५ च्या दिवाळीआधी ही म्हणाली, "त्या दारांकडे बघवत नाही हो." मिस्त्रींना बोलावले. हे त्याच सुताराचे चिरंजीव. त्यांनी नवे प्लायवूड, वर सनमायका असा हिशेब सांगितला. आकडा ऐकताच मला जुन्या सागवानाचे एकाएकी प्रेम वाटू लागले. तेव्हा ठरले असे : जुनीच दारे सोड्याच्या पाण्याने धुवायची, पॉलिशपेपर मारायचा, खळग्यांत लांबी भरायची, अस्तर, वर ऑइलपेंटचे दोन हात, आणि मुठी तेवढ्या नव्या. मजुरीवर अर्धा तास घासाघीस झाली. ती मी जिंकली.

"आतून रंग द्यायचा का?"

"आतून कोण बघतंय?" मी म्हणालो. स्वस्तात नवे व्हायचे तर बाहेरूनच व्हावे लागते. मी केसांना कलप लावतो, गुडघ्यांना कुठे लावतो?

दुसऱ्या दिवशी मिस्त्री यायच्या आत मधले दार अंगणात आडवे टाकून मीच धुवायला घेतले. आतून चिकटवलेले जुने कॅलेंडर भिजून सुटले आणि खाली वडिलांचे अक्षर निघाले. शिसपेन्सिलीने मांडलेला हिशेब. दूध, वाणी, रॉकेल. दिले की वर रेघ. काड्यापेटीवरसुद्धा रेघ. एका ओळीवर मात्र नव्हती : 'सुतार. दारांची मजुरी. बाकी रु. ११.'

मी दार पालथे घातले.

मंचरला माझे मेहुणे वकिली करतात. त्यांना फोन केला. "दाजी, १९६३ चा मुदत कायदा! असल्या देण्याला तीन वर्षं. कधीच संपलं ते." कायद्याने मी सुटलो, तरी रात्री कागद घेऊन बसलो. चक्रवाढीने ८ टक्के धरले तर साडेसहाशेच्या आसपास, १२ टक्के धरले तर जवळजवळ साडेचार हजार. धर्म नेमका किती टक्क्यांनी चालतो, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. वडिलांनी दिलेही असतील, रेघ मारायची राहिली असेल. पण काड्यापेटीवर रेघ मारणारा माणूस!

मग वाटले, गुपचूप मजुरीतच वाढवून द्यावेत. वडिलांची अब्रूही राहील. नोटा त्याच. पण बक्षीस म्हणून दिले तर मी मोठा होतो, देणे म्हणून दिले तर त्यांचे वडील. इथेच घोडे अडले.

आमच्या अंगणातून शिवनेरी दिसतो. तिथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षे दात्याचे नाव टिकले. टाकी खोदणाऱ्या पाथरवटाची मजुरी पोचली की नाही, ते कुणी कोरले नाही. आमच्या वडिलांनी निदान लिहून तरी ठेवले होते; आणि मी त्यावर पॉलिशपेपर मारायला निघालो होतो.

सकाळी मिस्त्रींसमोर दार उलटे केले. ते उकिडवे बसले. आधी सांध्यावरून बोट फिरवले. "हे बापाचं काम. अजून हललं नाही." मग ओळ वाचली. बराच वेळ वाचली.

"व्याजासकट..." मी सुरुवात केली.

"अकरा लिहिलेत ना भाऊ? अकराच द्या." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "आणि कालची मजुरी परवडत नाही. ती पुन्हा बोलू."

घरात सगळ्या पाचशेच्या नोटा. अकरा रुपये शेजारच्या वहिनींकडून आणले, आणि रेघ मारली गेली. वहिनींचे अजून द्यायचे आहेत.