किती उणे चालेल?

‘चालेल’ हा आपल्या भाषेतला मोठा समंजस शब्द आहे. साखर संपली तर गुळाचा चहा चालतो, गादी नसेल तर सतरंजी चालते. हवे होते ते हे नव्हे, हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. तरीही मनाशी हिशेब करून त्याने थोडे उणे पत्करलेले असते. हिशेब करणारा आणि उणे सोसणारा एकच, म्हणून या शब्दात लाचारी नाही. परंतु एकाने ‘चालेल’ म्हणावे आणि दुसऱ्याने सोसावे, असे झाले की प्रश्न नीतीचा होतो.

वैद्यकात हा शब्द हल्ली आकड्यांत मांडतात. नवे औषध जुन्यापेक्षा सरस आहे, असा दावाच नसतो. ते स्वस्त असते, घ्यायला सोपे असते, किंवा त्याचा त्रास कमी असतो. अशा वेळी एवढेच विचारायचे, की ते जुन्याहून फार वाईट तर नाही ना? इंग्रजीत यांना ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’ चाचण्या म्हणतात. ‘फार’ म्हणजे किती, हे मात्र आधीच ठरवावे लागते. शिवाय फरक दिसला नाही एवढ्याने भागत नाही. तो नाही म्हणून दिसला नाही, की रुग्ण थोडे म्हणून, हे कसे कळावे? म्हणून संख्याशास्त्रज्ञ दिसलेल्या फरकाभोवती शक्यतेचा एक पट्टा आखतात. त्या पट्ट्याचे वाईटात वाईट टोकही ठरल्या मर्यादेच्या आत हवे.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकाराच्या झटक्यावरील ‘कोबाल्ट’ चाचणीत हा आग्रह कसाला लागला. गुठळी विरघळवणारे आल्टेप्लेस हे औषध दीड तास शिरेतून सोडण्याऐवजी दोन झटपट मात्रांत द्यावे, अशी कल्पना होती. रुग्ण सात हजारांवर; मर्यादा शेकडा ०.४ अधिक मृत्यूंची. महिन्याभरात नव्या पद्धतीत शेकडा ७.९८ आणि जुन्या पद्धतीत ७.५३ रुग्ण दगावले. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण पट्ट्याचे टोक १.४९ पर्यंत गेले. नवी पद्धत जुन्याच्या तोडीची ठरली नाही. एका पारड्यात सोय आणि दुसऱ्यात जीव असताना हा काटेकोरपणा मला योग्यच वाटतो.

मग काटेकोरपणा हाच धर्म मानावा काय? तसे म्हणू लागलो की मला मद्रासचा प्रयोग आठवतो. तेथील क्षयरोग संशोधन केंद्राने १९५६ पासून १९३ गरीब क्षयरोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी केली. एक गट आरोग्यधामात, दुसरा आपापल्या दाटीच्या घरांत. आयसोनियाझिड आणि पास ही औषधे दोघांनाही वर्षभर. चांगला आहार आणि विश्रांती मात्र आरोग्यधामातच अधिक. वर्षाअखेर तेथे शेकडा ९२ जणांचा रोग शमला होता, घरी ८६ जणांचा. माझ्या ढोबळ हिशेबाने या फरकाचा पट्टा पंधराच्या उणेपणापर्यंत पोचतो. दहाची मर्यादा आखली असती, तर घरचा उपचार नापास झाला असता!

तरीही त्याचा स्वीकार झाला, आणि तो न्याय्य होता. आरोग्यधामांतल्या खाटा रुग्णांच्या मानाने मूठभर होत्या. बहुतेकांपुढे निवड होती ती घर की आरोग्यधाम अशी नव्हे, तर घरचा उपचार की काहीच नाही, अशी. घरच्या माणसांना रोग अधिक लागला नाही, हेही दिसून आले. उणे ज्याने सोसायचे, त्यालाच औषध आणि आपली माणसे मिळत होती.

म्हणजे उणेपणाची मर्यादा गणितातून निघत नाही. गणित ती पाळली गेली की नाही, एवढेच सांगते. ती किती असावी, हे दुसरेच प्रश्न ठरवतात : तोटा कोणाचा, लाभ कोणाचा, आणि तिसरा मार्ग आहे की नाही? हे प्रश्न सुटले की घसरण सुरू होते. आज जुन्याहून थोडे उणे चालले. उद्या त्या नव्याशी तुलना करून आणखी थोडे उणे चालते. आणि प्रत्येक पायरीवर चाचणी उत्तीर्णच असते.

म्हणून मला वाटते, मर्यादेचा आकडा निकालाआधी उघडपणे लिहिला जावा, त्यामागचे कारणही लिहिले जावे, आणि तो ठरवताना रुग्णांना जवळ बसवावे. गुळाचा चहा ज्याला प्यायचा आहे, त्याला निदान विचारायला तरी हवे.