जुना लॅपटॉप आणि नचिकेताचा प्रश्न

इंदूरमध्ये आमच्या सत्संगातील काही मंडळी वस्तीतील मुलांचा अभ्यासवर्ग चालवतात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारले, "कुणाकडे वापरात नसलेला लॅपटॉप आहे का?" मी लगेच हात वर केला. दहा वर्षांपूर्वीचा माझा लॅपटॉप कपाटात पडून होता. "चांगला चालतो," असेही सांगून टाकले.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, चांगला चालतो, तर तुम्ही नवा का घेतला?"

उत्तर सुचले नाही. नवा घ्यायचा होता तेव्हा मीच घरात म्हणत होतो, "हा आता कामातून गेला." यंत्र तेच होते, बदलली होती ती माझी सोय.

कठोपनिषदाचा आरंभ आठवला. नचिकेताचे वडील यज्ञात दान देत आहेत, पण गाई म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. ते पाहून मुलाच्या मनात श्रद्धा जागी होते आणि तो विचारतो, मला कोणाला देणार? आपण ही कथा यमाच्या संवादासाठी वाचतो, त्या गाईंपाशी फारसे थांबत नाही. वास्तविक सारे तिथूनच सुरू झाले.

एक स्नेही म्हणाले, "नाही मामापेक्षा काणा मामा बरा. मुलांकडे तर काहीच नाही." हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेल्या मुलीला यंत्र मंद आहे हे कसे कळणार? तिला वाटेल, आपल्यालाच जमत नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो. सुरू व्हायलाच चार मिनिटे लागली. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि हार्ड डिस्कचा आकडा मात्र 100 टक्क्यांवर अडकलेला. म्हणजे थकली होती ती फिरत्या चकतीची डिस्क, प्रोसेसर बिचारा तिची वाट पाहत होता! रॅम 4 जीबी. ती भरली की जास्तीचा भार पुन्हा त्याच डिस्कवर. पंख्यात धुळीचा थर साचलेला, त्यामुळे यंत्र तापायचे आणि तापले की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायचा. इतकी वर्षे मी सबंध यंत्रालाच म्हातारे ठरवून मोकळा झालो होतो. (माणसांच्या बाबतीतही आपण किती चटकन असा निकाल देतो!)

सगळेच सुधारण्यासारखे नव्हते. बॅटरीची क्षमता मूळच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरलेली. विंडोज 10 चे नियमित पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि विंडोज 11 साठी हा प्रोसेसर जुना.

डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम 8 जीबी केली, धूळ साफ करून घेतली आणि लिनक्स घातले. आता तो मिनिटभराच्या आत सुरू होतो. खर्च झाला, आणि खरे सांगायचे तर तो करताना मन थोडे कुरकुरलेही. द्यायच्याच वस्तूवर खर्च कशाला, असे वाटून गेले. नवी बॅटरी काही घेतली नाही.

मग एका चिठ्ठीवर लिहिले: बॅटरी अर्धा तासही टिकत नाही, चार्जर लावूनच वापरावा. डावीकडचा यूएसबी पोर्ट बंद आहे.

वर्ग घेणाऱ्या ताईंनी चिठ्ठी वाचली, "बरं झालं लिहिलंत," म्हणाल्या आणि लॅपटॉपचे टेबल प्लगच्या जवळ सरकवले.