कऱ्हेला न पेललेलं ओझं

मोरगावात उतरणारा माणूस थेट मयूरेश्वराकडे जातो. अष्टविनायकाची यात्रा इथून सुरू करायची आणि संपवायलाही इथंच यायचं, अशी रीत आहे. कऱ्हेच्या पात्रात मात्र क्वचितच कुणी उतरतं. उन्हाळ्यात तिथं पाहायचं तरी काय? गोटे, वेड्या बाभळी, नशीब असेल तर एखादा डोह. ब्रह्मदेवाच्या कमंडलूतून ही नदी सांडली म्हणतात. पाणी पाहता कमंडलू लहानच असावा! पुरंदरच्या डोंगरांतून ती निघते, सासवड-जेजुरीकडून येते, नाझऱ्याच्या धरणात अडते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. मोरगावचा पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यात नदीनं वाहावं तरी किती?

पण नदीला पाण्याबरोबर ओझंही असतं. डोंगरावरून येणारा दगड, मुरूम, माती तिला पुढे न्यायची असते. ओझ्यापेक्षा जोर जास्त असला की ती तळ खरवडते. जोर कमी पडला की ओझं वाटेत टाकते. या दोन अवस्था आळीपाळीनं येतात, आणि त्यांतलं एकेक पर्व हजारो वर्षांचं असू शकतं. आपण नदीला वाहून नेणारी म्हणूनच ओळखतो. तिला जे नेता आलं नाही त्याची गोष्ट मात्र काठाच्या दरडीत असते.

दख्खनचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कठीण दगडाचा थर, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, असे थरांवर थर. माळावर त्यानंतरचं फारसं काही टिकलेलं नाही. जे पडलं ते पावसानं धुऊन नेलं. धुतलेलं सगळं उतारानं नदीकडे आलं, आणि नदी दमलेल्या काळात तिथंच साठलं. म्हणून पुढची नोंद शोधायची तर ती खोलगट भागात, गाळात.

मोरगावजवळ कऱ्हेच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडली आहे. चुलीतल्या राखेशी तिचा नावापुरताच संबंध. ही म्हणजे काचेचा बारीक चुरा. ती इथली नाही. सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरून वाऱ्याबरोबर आलेली. ती माळावरही पडली असणारच, पण तिथून धुतली गेली. कऱ्हेनं ती गाळाखाली झाकली, आणि पुढे जोर आल्यावर त्याच गाळात पात्र कोरून उघडी पाडली. आधी भरणं आणि मग कोरणं, दोन्ही झालं म्हणून ती आज दिसते. जुन्नरकडे कुकडीकाठी बोरीलाही अशीच राख आहे.

ही राख कोणत्या उद्रेकाची, यावर मात्र जाणकारांत भांडण आहे. काहींच्या मते तोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची. इतर म्हणतात, ती ८ लाख वर्षांच्या आसपासच्या जुन्या उद्रेकाची. त्यांचा एक आधार गाळातल्या चुंबकत्वाचा आहे: सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते आणि तशी उलटी खूण इथं सापडते. राखेचं वय थेट काढावं, तर तिच्यात आपल्याच बेसॉल्टचे जुने कण मिसळलेले असतात आणि वय फुगतं. पुन्हा नदीच्या ओझ्याचीच करामत!

भांडण नुसतं राखेचं असतं तर सोडून देता आलं असतं. पण मोरगावच्या याच गाळाच्या परिसरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही मिळाल्या आहेत. त्या घडवणारे हात किती जुने, हे राखेच्या वयावर ठरतं.

आता हीच दरड शेत सपाट करताना यंत्रानं एका दिवसात जाते. तो गाळ रानात पसरतो आणि त्यावर ज्वारी झकास येते.