बिल्ला आधी काढ

तुझी जाहिरात वाचली. ‘सर, जरा नजर टाका’ एवढं लिहून पाठवलीस. टाकली नजर, आणि डोकं सणकलं. मोटार मेकॅनिकच्या वर्गात दोन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत हात काळे केलेला मुलगा टेक्सासला जाऊन हे असलं लिहितो?

१९७२ ची शेवरले एल कमिनो, ‘सगळं ओरिजिनल, एसएस ४५४’. अरे, कुणाला सांगतोस? फोटो तूच पाठवलेस ना? डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला नंबराची पट्टी आहे, बाहेरून काचेतून वाचता येते. त्यातलं पाचवं अक्षर बघ. एच. त्या साली एच म्हणजे ३५० घन इंचाचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं इंजिन. ४५४ ला डब्ल्यू असतो. गिऱ्हाईक दारही न उघडता तुझी लबाडी पकडेल, आणि तू तिथेच फडक्यानं बॉनेट पुसत उभा असशील. आता म्हणशील, मग नुसतं एसएस लिहितो. त्या वर्षी एसएस पॅकेज कुठल्याही व्ही-एट इंजिनावर मिळायचं, तेव्हा नुसत्या नंबरावरून कुणी खोटं ठरवणार नाही. बरोबर. पण गिऱ्हाईक कारखान्याची बिल्ड शीट मागेल. आहे तुझ्याकडे? एसएसचा बिल्ला बाजारात मिळतो, म्हणून लावायचा?

पुढे, ‘३०० अश्वशक्ती’. हा आकडा १९७० च्या चार बॅरलवाल्या ३५० चा आहे, तोही ग्रॉस. १९७२ साली कंपनी फक्त नेट आकडे छापत होती: पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं जोडून. तुझ्या इंजिनाचे १६५. ग्रॉस आणि नेट यातला फरक मी फळ्यावर शिकवला होता, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास बहुतेक.

‘४८,००० मैल.’ मीटर पाच आकडी आहे ना? ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. तुझ्याच फोटोत ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात झिजून आतलं लोखंड चकाकतंय. ४८,००० मैलांत असं होत नाही. ‘मीटर इतकं दाखवतो, खरे मैल माहीत नाहीत’ असं लिहायला हात जड होतो का?

‘जगातली अशी पहिली गाडी’ हे वाचून तर हसूच आलं. शेवरलेनं एल कमिनो काढली १९५९ साली, कारण फोर्डची रँचेरो १९५७ पासून विकली जात होती. आणि मोटारीला मागे हौदा जोडायची अक्कल त्याआधीच ऑस्ट्रेलियात फोर्डचा लू बँट लढवून बसला होता, १९३४ साली. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या, असं एका शेतकऱ्याच्या बायकोनं कंपनीला कळवलं होतं म्हणतात. बाईला नेमकं काय हवंय ते सांगता आलं. तुला नेमकं काय विकायचंय ते सांगता येत नाही.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. पुढे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवलेस, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंस. दोन्ही कामं फोटोत नीट दिसतात. ब्रेकचे पाइप कुठे घासत नाहीत, वायरिंग क्लिपात बांधलेलं आहे. शाबासकी देण्यासारखं काम, आणि तेच तू ‘ओरिजिनल’ म्हणून झाकतोस! रोज चालवायला गाडी घेणारा माणूस याच ब्रेकसाठी चार पैसे जास्त देईल. मागच्या स्प्रिंगा आखूड घातल्यात, तेही दडवलंस. उद्या कुणी त्या हौद्यात विटा भरल्या तर? आणि जुने ड्रम, जुना डिस्ट्रिब्युटर आहेत की भंगारात घातलेस? असतील तर गाडीबरोबर द्यायचे, आणि तसं लिहायचं.

फोटोंचं तर विचारूच नकोस. बाहेरच्या अंगाचे बारा, सगळे संध्याकाळच्या उन्हात लांबून काढलेले. खालून एकही नाही. मागच्या काचेच्या खालचे कोपरे दाखव, तिथे पाणी मुरून पत्रा फुगतो. हौद्याच्या पुढच्या भागात स्क्रूनं बसवलेला पत्रा आहे, तो उघड आणि आतल्या खळग्याचा फोटो काढ. गिऱ्हाईक जाणकार असेल तर पहिल्यांदा तिथेच बॅटरी मारेल. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर उजेड वाकडा पडलाय. लांबी भरलीयस तिथे. लोहचुंबक लावून बघ आणि किती जागेत चिकटत नाही ते लिही. फाळका लटकतोय तोही लिही.

जाहिरात आज उतरव. बिल्ला काढ. खाली भोकं राहतील, ती बुजवू नकोस, त्यांचाही फोटो टाक. नवा मजकूर रविवारपर्यंत मला पाठव, आणि किंमत त्यानंतर बोलू.