पायाखालचा सूर

तबल्याला पाय लागला की मराठी घरातले लहान मूलसुद्धा चटकन वाकते, बोटे वाद्याला लावते आणि मग कपाळाला. पुस्तक, पेटी, तंबोरा, सगळ्यांना हाच नियम. नागपुरात गणपतीच्या मांडवात, भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे पोट्टे अशाच घरांतून आलेले असतात. गिटारला चुकून पाय लागला तर त्यांचाही हात कपाळाकडे जातो. पण त्याच गिटारची केबल जमिनीवरच्या एका धातूच्या पेडलमध्ये शिरते, आणि ते पेडल घडवलेलेच असते पायाने दाबण्यासाठी. ज्याला पाय लावायचा नाही, त्याचा अर्धा भाग पायाखाली. हा वाद्याचा अवमान ठरतो का?

पेडल म्हणजे वाद्य नव्हेच, बाहेरचे उपकरण, असे म्हटले तर प्रश्न तिथेच मिटतो. तसे म्हणता मात्र येत नाही. व्हॉल्यूम पेडल टाचेकडे झुकवून तार छेडली तर आघात ऐकूच येत नाही. मग पाय हळूहळू पुढे नेला की सूर शून्यातून उगवतो, गजाने ओढल्यासारखा. तारेचा टणत्कार ही गिटारची ओळख, आणि ती पायाने पुसलेली असते. ‘वा’ (wah) पेडल याच्याही पुढे जाते. त्याचे सर्किट आवाजातल्या एका अरुंद पट्ट्याला उठाव देते, आणि पाय हलेल तसा हा उठाव साधारण 400 हर्ट्झपासून 2000 हर्ट्झपर्यंत सरकतो. माणूस ‘ऊ’ म्हणता म्हणता ‘आ’कडे जातो, तेव्हा तोंडाच्या पोकळीतही याच जातीची हालचाल होत असते. तारेला स्वर हात देतो. तोंड देतो तो पाय. जिमी हेंड्रिक्सचे 1968चे ‘वूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’ ऐकणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

वा पेडलचा जन्मही या प्रश्नाला धरूनच झालेला आहे. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा अभियंता व्हॉक्स अँप्लिफायरमधला एक महागडा स्विच काढून त्याच्या जागी स्वस्त पोटेंशिओमीटर (पॉट) बसवत होता. तो फिरवताना आवाज बोलल्यासारखा बदलतो हे लक्षात आले. मग हा पॉट वादकाच्या पायाखाली द्यायचे ठरले, आणि त्यासाठी खोके वापरले ते व्हॉक्सच्याच ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलचे. गिटारवाल्याला पायाची कला ऑर्गनकडून मिळाली.

ऑर्गन हे तर देवळातले वाद्य, म्हणजे चर्चमधले. बाखच्या अनेक ऑर्गनरचनांमध्ये खर्जाची संपूर्ण ओळ दोन्ही पायांनी वाजवावी लागते आणि ती उपासनेचा भाग मानली जाते. भारतात आलेल्या हार्मोनियमचा भाताही आधी पायाखालीच होता. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875च्या सुमारास मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी तयार केली आणि भाता हाताकडे आला. तरी मराठी संगीत नाटकाने पायपेटी आणि ऑर्गन सोडले नाहीत. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा तो भरदार, अखंड आवाज पायांच्या श्वासावर चालत होता. नागपूरच्या पूर्वेला झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांतही ऑर्गनवाल्याची जागा मानाची. यातल्या कुणालाही आपण वाद्याला पाय लावतो आहोत असे वाटले नाही.

घुंगरांचे उदाहरण तर त्याहून थेट आहे. लावणीची कलावंत असो की कथकची, चाळ आधी कपाळाला लावते आणि मग पायात बांधते. वंदन आणि पदस्पर्श यांत काही सेकंदांचेच अंतर. खंडेनवमीला नागपुरात घरोघरी अवजारांची, वाहनांची, वाद्यांची पूजा होते. त्यात शिवणयंत्र असते, मोटारसायकल असते, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींवर पाय पडतो. नागपूरच्या कोष्टी विणकरांच्या कित्येक पिढ्यांचे पाय हातमागावर चालत आले, आणि त्या पायांविना धोटा फेकायला ताण्यात वाटच उघडत नाही. पाय कामात आला की पूजा मोडते, असे या परंपरांनी कधी मानलेले नाही.

मग पायाचा हा संकोच येतो कुठून? काही अंशी धुळीतून, हे उघड आहे. पण तेवढ्याने ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीचा खुलासा होत नाही. ती म्हण वहाणेविषयी नाही, माणसांविषयी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून राजन्य, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र अशी उतरंड लावते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946च्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात या सूक्ताची कठोर चिकित्सा केली: उत्पत्तीची ही कथा समाजरचनेला दैवी शिक्का मारते, हा त्यांचा आक्षेप होता. शरीराला वर-खाली आहे म्हणून समाजालाही आहे, असा सूक्ताचा युक्तिवाद. खरे तर समाजातली उतरंड शरीरावर लादली गेली आणि पाय बिचारा कायमचा खालचा ठरला. याच सूक्तात दोन ऋचा पुढे त्याच पायांपासून भूमी जन्मली असेही म्हटले आहे. भूमीला मात्र कुणी हीन म्हटले नाही.

पंढरपुरातही हा पेच दिसतो. वारकऱ्यांचा देव पायांनीच ओळखला जातो, विटेवरच्या समचरणांनी. भक्त त्या पायांवर डोके ठेवतो, वारीत एकमेकांच्या पाया पडतो. पण चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर, आणि त्याच्या समाजाच्या माणसांना त्या पायांपर्यंत पोहोचायला 1947 उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. देवाचा पाय पवित्र आणि राबणाऱ्याचा पाय अमंगळ, हे एकाच श्रद्धेत शतकानुशतके सुखाने नांदले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांनी जी धम्मदीक्षा घेतली, ती या उतरंडीतून बाहेर पडण्यासाठीच होती. त्या शहरात पाय आणि पावित्र्य यांचा प्रश्न पुन्हा विचारणे म्हणूनच रास्त आहे, तो गिटारच्या निमित्ताने का होईना.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. पाय लागला की नमस्कार करायची सवय उतरंडीतून आली असेल तर ती टाकून द्यायची का? नको. ती सवय मुलाला शिकवते की वस्तू केवळ वापरण्यापुरती नसते, तिच्यात कुणाचे श्रम असतात, कुणाची विद्या असते. सकाळी अंथरुणातून उतरताना भूमीची क्षमा मागणारा माणूस लगेच भूमीवर पाय ठेवतोच. ती क्षमा म्हणजे चालण्यावरची बंदी नव्हे. आपला भार कुणीतरी सोसते याची ती जाणीव आहे. आदर जपायचा तो निष्काळजी स्पर्शाविरुद्ध, एखाद्या अवयवाविरुद्ध नाही. धसकन पेडलवर उडी मारणारा पाय अनादर करतो. बोटा-बोटाने झुकणारा पाय करत नाही.

पाय आणि तार यांची गाठ घालणारी सर्वांत सुंदर कथा बौद्ध विनयाच्या महावग्गात आहे. चंपेच्या श्रीमंत घरातला सोण कोळिविस भिक्षू झाला. त्याचे तळवे इतके कोवळे की राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण, म्हणजे ध्यानाच्या येरझारा, करता करता ते फुटले आणि वाट रक्ताने माखली. तो निराश झाला, घरी परतावे असे त्याच्या मनात आले. बुद्ध त्याच्याकडे आले आणि त्याला त्याच्या जुन्या वीणेची आठवण करून दिली: तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजते का? प्रयत्नही तसाच समतोल हवा. हा दृष्टान्त अनेकांना ठाऊक असतो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. बुद्धांनी सोणाला पायताण घालायची परवानगी दिली, तेव्हा ती एकट्यासाठी घ्यायला तो तयार झाला नाही. सगळ्या संघाला मिळाली तरच घेईन, म्हणाला. आणि संघातल्या सगळ्यांसाठी एकपदरी पायताणांची मुभा झाली. दुखऱ्या पायाची दखल घेणे हा इथे धम्माच्या बाहेरचा विषय ठरला नाही. तारेचा ताण आणि तळव्याची कातडी यांचा विचार एकाच प्रसंगात झाला.

पेडल निवडतानाही पायाला जाणता अवयव मानले की निवड बदलते. घरात, विहारात, मंदिराच्या ओट्यावर वादक अनवाणी असतो, आणि बहुतेक वा पेडलांचा स्विच पंजाखाली असतो. तो खटकन दाबायला बूट लागतो, अनवाणी बोटे दुखतात. अशा वादकाला पाय ठेवताच चालू आणि उचलताच बंद होणारे, बिनस्विचचे पेडल बरे. मोर्ले कंपनीच्या पेडलांत पॉटऐवजी प्रकाशावर चालणारी रचना असते, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळी धुळीने होणारी पॉटची खरखर टळते. साध्या, बिनविजेच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये गिटार थेट लावायची असेल तर 250 किलोओहमचे घ्यावे; बफर किंवा इतर विजेवरच्या पेडलांच्या मागे लावायचे असेल तर 25 किलोओहमचे. उलट केले तर आवाजाची धार बोथट होते किंवा पायाचा सगळा प्रवास टोकाच्या एका इंचात संपतो. ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवले तर ते आवाजातला खरखरीतपणा कमी-जास्त करते, नंतर ठेवले तर फक्त आवाजाची पातळी. यातले काय हवे ते गाण्यावर ठरेल. दुकानात मात्र चपला काढून, उभे राहून, गिटार गळ्यात घेऊन पेडल चालवून पाहावे, आणि टाचेपासून पंजापर्यंतच्या प्रवासात पाय मध्ये कुठेही थांबवता येतो का, ते नीट तपासावे.