तलावातले बेट आणि समुद्रातला दिवा

शास्त्रवाचन : मत्तय ५:१४-१६, प्रेषितांची कृत्ये २७:२७ ते २८:११



कोलकात्याच्या दक्षिण भागात रवींद्र सरोवर नावाचा एक विस्तीर्ण तलाव आहे. हा तलाव निसर्गाने दिलेला नव्हे. तो माणसांनी खणला. १९२० नंतरच्या दशकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तेथील १९२ एकर दलदल व रान ताब्यात घेतले, भोवतालची सखल जमीन वस्तीयोग्य केली आणि ७३ एकरांचा जलाशय निर्माण केला. खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, त्याही तेथे जपून ठेवण्यात आल्या. पुष्कळ वर्षे हा तलाव ‘ढाकुरिया लेक’ ह्या नावाने ओळखला जाई; १९५८ मध्ये त्याला कवींचे नाव मिळाले. ह्या तलावात लहान लहान बेटे आहेत. त्यांपैकी एकावर एक मशीद आहे, आणि ती तलावाहून जुनी आहे.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते. ती मशीद बेटावर बांधली गेली नाही. ती साध्या जमिनीवर उभी होती; लोक चालत येत, प्रार्थना करीत, चालत घरी जात. मग भोवतालची माती खणली गेली, पाणी भरले, आणि प्रार्थनास्थळ जागचे न हलता बेट होऊन बसले. खणणाऱ्यांनी ते पाडले नाही, हे त्यांच्या शहाणपणाचे लक्षण. उलट १९२६ साली तलावाच्या दक्षिण काठापासून त्या बेटापर्यंत एक झुलता पूल त्यांनी बांधून दिला.

पण त्या बेटावर दीपस्तंभ नाही, आणि तो नसण्यात काही उणेपणाही नाही. तलावातून जहाजे जात नाहीत. तेथे नौकाविहार करणाऱ्यांना चारही काठ दिसत असतात. अशा बेटावर कोणी दीपस्तंभ बांधलाच, तर ती शोभेची वस्तू होईल.

त्याच शहराच्या पश्चिमेला हुगळी वाहते, आणि तेथे गोष्ट अगदी वेगळी आहे. कोलकाता हे समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, नदीकाठी वसलेले बंदर. वाळूचे बांध जागा बदलतात, भरती अंगावर येते, कालची वाट आज उरत नाही. १६९४ मध्ये ‘रॉयल जेम्स अँड मेरी’ नावाचे जहाज ह्या नदीतील वाळूवर बुडाले, आणि ती जागा पुढे त्या बुडालेल्या जहाजाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. नकाशावर आपले नाव अशा रीतीने कोरले जावे असे कोणत्या नाखव्याला वाटेल? नदीचे वाटाडे पाण्यात शिशाची दोरी सोडून खोली मोजीत जहाजे आत आणीत. मुखाजवळ खेजुरी येथे, कौखालीला, १८१० साली ईस्ट इंडिया कंपनीने दीपस्तंभ उभारला. त्याचा प्रकाश गावकऱ्यांना रस्ता दाखवण्यासाठी नव्हता. जी जहाजे तेथे थांबणारही नव्हती, ज्यांच्यावरील एकाही माणसाची ओळख रक्षकाला व्हायची नव्हती, त्यांच्यासाठी तो रोज रात्री पेटत होता.

ह्या दोन पाण्यांतला फरक लक्षात ठेवून आपण शास्त्रवचनांकडे वळू.

भाषांतराचे काम करणाऱ्याला ‘द्वीप’ हा शब्द वारंवार भेटतो, विशेषतः यशयाच्या ग्रंथात. बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वराच्या सेवकाचे वर्णन आहे, आणि दूरची द्वीपे त्याच्या शिक्षणाची वाट पाहत आहेत असा तेथला आशय आहे. मूळ इब्री शब्दाचा अर्थ केवळ पाण्याने वेढलेली जमीन एवढाच नाही. समुद्रापलीकडचे किनारे, जहाजाने गेल्यावाचून जेथे पोहोचता येत नाही असे प्रदेश, असा त्याचा व्याप आहे. मराठीत ‘बेट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते लहान असते. ‘द्वीप’ म्हटले की ते थोडे मोठे होते. यशयाच्या मनात तर संपूर्ण पश्चिमेचे परके जग होते. ते जग वाट पाहत आहे असे संदेष्टा म्हणतो. ज्यांना इस्राएलाच्या देवाचे नावही ठाऊक नव्हते, ते वाट पाहत आहेत! हा विचार बाबेलातील बंदिवानांना किती अनपेक्षित वाटला असेल, ह्याची कल्पना करा. त्यांना स्वतःच्या सुटकेची चिंता होती.

आता एका खऱ्याखुऱ्या बेटाची हकिकत. मिसर देशात आलेक्सांद्रिया नगरासमोर फारोस नावाचे एक चिंचोळे बेट होते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, दुसऱ्या टॉलेमीच्या काळात, तेथे दीपस्तंभ पूर्ण झाला. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत त्याची गणना होई. तो इतका प्रसिद्ध झाला, की ग्रीक व लॅटिन भाषांत बेटाचे नाव हेच दीपस्तंभाचे नाव होऊन बसले. पुढे भूकंपांनी तो ढासळला, आणि १४७७ मध्ये त्याच जागेवर सुलतान काइतबेने किल्ला बांधला.

ह्याच बेटाशी एक दुसरी परंपरा निगडित आहे, आणि ती मला अधिक प्रिय आहे. इब्री नियमशास्त्राचे ग्रीक भाषांतर करण्यासाठी यरुशलेमेहून ७२ वडील आले, ते बेटावरील एका शांत घरात राहिले आणि ७२ दिवसांत त्यांनी काम संपवले, असे ‘अरिस्तेयाचे पत्र’ सांगते. हा आकडा ऐकून कोणताही भाषांतरकार हसेल. आमच्या समित्यांना एका वचनावर ७२ दिवस पुरत नाहीत! परंतु आख्यायिकेच्या आत एक सत्य आहे. आलेक्सांद्रियातील यहुदी मुलांना इब्री समजेनासे झाले होते. आपल्या घरातला दिवा विझू नये म्हणून हे भाषांतर झाले. फिलो हा आलेक्सांद्रियाचाच यहुदी लेखक. त्याच्या काळी दरवर्षी फारोस बेटावर ह्या भाषांतराच्या स्मरणार्थ सण भरे आणि यहुद्यांबरोबर इतर लोकही होड्यांनी तेथे जात, असे तो लिहितो. घरातल्यांसाठी लावलेला दिवा बाहेरच्यांना दिसला होता. पुढे नव्या करारातील लेखकांनी जुन्या करारातील वचने उद्धृत केली, ती बहुधा ह्याच ग्रीक भाषांतराच्या आधारे. भूमध्य समुद्राच्या बंदराबंदरांतून पौलाला ऐकणारे मिळाले, त्यामागे त्या बेटावरचे काम होते.

ह्याच्या उलट एक उदाहरण आधुनिक जगातले आहे. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर, ऑन्टारिओ सरोवराचे पाणी सेंट लॉरेन्स नदीला मिळते त्या भागात, ‘सहस्र बेटे’ आहेत. मोजणीने १८०० हून अधिक. पुष्कळशी खासगी मालकीची, एखाद्या घराएवढी. तेथे जहाजांसाठी दीपगृहे होती. रॉक आयलंड नावाच्या बेटावर १८५३ पासून काही वर्षे दिवा सांभाळणारा मनुष्य होता बिल जॉन्स्टन. ह्याच बिल जॉन्स्टनने १८३८ मध्ये साथीदारांसह त्याच बेटांच्या परिसरात ‘सर रॉबर्ट पील’ ही ब्रिटिश आगबोट लुटून जाळली होती! ज्याने जहाज जाळले, त्याच्याच हाती जहाजे वाचवणारा दिवा आला. तार्सकर शौलाची आठवण होते, नाही काय? तुलना ओढूनताणून लांबवणार नाही. पण दिवा कोणाच्या हाती द्यावा ह्याविषयी देवाचे विचार आपल्या मंडळीच्या निवडणुकांपेक्षा निराळे असतात, एवढे खरे.

मात्र मला सांगायचे आहे ते शेजारच्या सिस्टर आयलंडविषयी. तेथे १८७० मध्ये दगडी घर आणि त्यावर दिव्याचा मनोरा बांधण्यात आला. १९५९ साली सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला, त्या सुमारास हा दिवा बंद झाला आणि घर पुढे खासगी मालकीत गेले. घर सुस्थितीत आहे, मनोराही उभा आहे. वाटसरूला अजून ते दीपगृहच वाटते.

प्रिय वाचकहो, आपल्या कितीतरी मंडळ्यांची अवस्था ह्या दोहोंपैकी एक झाली आहे. काही मंडळ्या सरोवरातल्या त्या मशिदीसारख्या आहेत. त्या हलल्या नाहीत. भोवतालची जमीन खणली गेली. मिशनचे रुग्णालय बंद पडले, शाळा दुसऱ्यांकडे गेली, गिरणी बुडाली, तरुण पुण्याला, बंगळुरूला, आखातात गेले. एके काळी गावाच्या मध्यावर असलेले मंदिर आता बेट झाले आहे. त्यांना दोष देऊ नका. त्यांना पुलाची गरज आहे, आणि पूल काठावरून बांधावा लागतो. दूर शहरात स्थिरावलेल्या तुम्हाआम्हांतील किती जण त्या जुन्या मंडळीकडे नाताळाच्या वर्गणीपलीकडे परत वळतो?

दुसऱ्या मंडळ्या मात्र सिस्टर आयलंडसारख्या आहेत. मनोरा आहे, रंगरंगोटी आहे, शताब्दीची कोनशिला आहे. पण कंपाऊंडची जमीन कोणाची, ट्रस्टी कोण, दावा कोणत्या कोर्टात आहे, ह्यापलीकडे मासिक सभेत विषय निघत नाही. घर खासगी झाले आहे. प्रभू येशूने दिव्याविषयी बोलताना ‘दिवठणी’चा उल्लेख केला. हा गोड मराठी शब्द आता पवित्र शास्त्राबाहेर फारसा ऐकू येत नाही. दिवठणी ही दिव्याची मालकीण नव्हे. ती केवळ त्याला उंचीवर धरते. आणि इफिसच्या मंडळीला पात्म बेटावरून जो इशारा मिळाला, तो दिवठणी जागची काढून टाकण्याचा होता. ते पत्र अशा मंडळीला होते जिची शिकवण शुद्ध होती, जिने श्रमही केले होते.

आपण मराठी ख्रिस्ती लोक तर दुसऱ्यांच्या दिव्यांनी येथवर पोहोचलेले आहोत. विल्यम कॅरी १७९३ मध्ये हुगळीत आले, तेव्हा कौखालीचा दीपस्तंभ नव्हता. कंपनीचा मिशनरी लोकांना विरोध असल्यामुळे मोठे जहाज सोडून त्यांना कुटुंबासह लहान होडीतून शहर गाठावे लागले. पुढे डॅनिश सत्तेखालील श्रीरामपुरात आश्रय मिळाला. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असताना त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण व मत्तयाचे शुभवर्तमान, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार छापून काढला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, बंगालच्या नदीकाठी! ह्या कामात त्यांच्या शेजारी बसून मराठी शब्द सुचवणारे पंडित वैजनाथ शर्मा हिंदू ब्राह्मण होते. पवित्र शास्त्राच्या आपल्या पहिल्या मराठी पानांवर त्यांच्या बोटांची शाई आहे, हे आपण उपासनेत कधी कृतज्ञतेने उच्चारतो काय?

१८१२ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी त्याच हुगळीतून कोलकात्याला उतरले. सरकारने त्यांना राहू दिले नाही. श्रीरामपूरच्या बंधूंनी त्यांना आसरा दिला, पण ठेवून घेणे त्यांच्या हाती नव्हते. ते दोघे जहाजात बसले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. तेथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले.

शेवटी मिलिता बेट, म्हणजे आजचे माल्टा. चौदाव्या रात्री खलाश्यांनी दोर सोडून पाहिला. आधी वीस वाव पाणी भरले, मग पंधरा. खडकांच्या भीतीने त्यांनी चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली, कारण किनाऱ्यावर दिवा नव्हता. सकाळी २७६ माणसे भिजून, कुडकुडत किनाऱ्याला लागली. लूक त्या बेटवासीयांना ग्रीकांच्या रीतीने ‘बर्बर’ म्हणतो, आणि त्याच दमात त्यांनी असाधारण माणुसकी दाखवली असेही लिहितो. पाऊस पडत होता, म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली. पौल प्रेषितही काटक्या गोळा करू लागला. तीन महिने हे परके लोक तेथे राहिले. पौलाने पुब्ल्याच्या बापावर हात ठेवून त्याला बरे केले, इतर रोगीही आले. पण कोणाचा बाप्तिस्मा झाला किंवा मंडळी स्थापन झाली, असे लूक एका शब्दानेही सांगत नाही. निघताना बेटवासीयांनी प्रवाशांना लागेल ते सर्व जहाजावर भरून दिले, एवढी मात्र तो आठवणीने नोंद करतो. आणि त्यापुढे जहाज सुराकूस बंदराला लागलेले आहे.